‘साधारण किती दिवस लागतील?’

हा प्रश्न मला आठवड्यातून निदान तीनदा विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा चांगला माणूस असतो. ‘परफेक्ट नको, नुसता बॉलपार्क सांग,’ असंही म्हणतो. मी थोडा वेळ छताकडे बघतो, मनात काहीतरी गुणाकार-भागाकार करतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा एका एक्सेल शीटमध्ये जातो आणि तिथे गेल्यावर त्याचं काय होतं, त्यावर हा लेख आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विमा कंपनीचा जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचा होता. जुना म्हणजे खरंच जुना. एकाच माणसाचं नाव चार स्पेलिंगनी, जन्मतारखेच्या जागी मोबाइल नंबर, असला सगळा ऐवज. मी कोड बघितला, डेटा चाळला आणि मला आतून वाटलं, सात आठवडे. मॅनेजर म्हणाला, ‘चार होतील ना?’ कॉलवर क्लायंट होता. मी म्हणालो, ‘हो, ट्राय करू.’

या ‘ट्राय करू’मध्ये मला वाटत होतं की मी स्वतःसाठी एक खिडकी उघडी ठेवली आहे. शीटमध्ये खिडक्या नसतात. तिथे ‘४’ लिहिलं गेलं.

माझ्या हाताखाली एक मुलगा होता, कुडाळकडचा, कामाला लागून जेमतेम वर्ष झालेलं. त्याच्या घरी गणपती. कोकणातल्या माणसाला गणपती म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. कोकण रेल्वेचं तिकीट त्याने बुकिंग उघडलं त्या सकाळी, लॅपटॉप आणि दोन मोबाइल समोर ठेवून काढलं होतं. चौथा आठवडा नेमका चतुर्थीला आला. काम अर्ध्यावर होतं. कुणी त्याला ‘जाऊ नकोस’ म्हणालं नाही. तशी भाषाच आपण वापरत नाही. ‘बघ बाबा, गो-लाइव्ह आहे, तुझं तू ठरव,’ एवढंच म्हटलं गेलं. त्याने तिकीट रद्द केलं. घरची आरती त्याने मीटिंग रूममध्ये दार लावून व्हिडिओ कॉलवर बघितली. काम सातव्या आठवड्यात संपलं. क्लायंटने पुढे महिनाभर ते वापरलंच नाही, कारण त्यांच्याकडची एक सही राहिली होती.

नंतर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ‘दादा, तू काय करणार? तारीखच तशी होती.’

त्याने मला सोडून दिलं, पण ते वाक्य काही मला सोडेना. तारीखच तशी होती! जणू तारीख म्हणजे पाऊस, वरून पडला. ती तारीख मी सांगितली होती, तीही खोटी आहे हे माहीत असताना.

खोटी हा शब्द मी विचार करून वापरतोय. सोबतचे लोक म्हणतात, खोटी कशी? अंदाज चुकतो, त्यात काय खोटं? हवामान खातं चुकतं तेव्हा आपण त्यांना खोटारडे म्हणतो का? (म्हणतो, पण ते सोडा.) म्हणून आधी हे ठरवायला हवं की अंदाज म्हणजे नेमकं काय. वचन आहे का ते?

एलिझाबेथ अ‍ॅन्सकोम नावाची इंग्लंडमधली तत्त्वज्ञ होती. १९५७ साली आलेल्या ‘इंटेन्शन’ या पुस्तकात तिने एक उदाहरण दिलंय, ते आपल्याकडच्या तपशिलांत सांगतो. एक माणूस सामानाची यादी घेऊन डीमार्टमध्ये शिरला आहे. त्याच्या मागावर एक गुप्तहेर आहे आणि हा माणूस ट्रॉलीत जे जे टाकतो ते तो लिहून घेतोय. शेवटी दोघांच्या हातात सारखीच यादी असू शकते: पोहे, तूरडाळ, साबण. पण समजा ट्रॉलीत तूरडाळीऐवजी मूगडाळ निघाली, तर हेराने काय करायचं? यादीत खोडून ‘मूगडाळ’ लिहायचं. चूक यादीत आहे. आणि त्या माणसाने? त्याने यादी खोडून ‘मूगडाळ’ केलं तर घरी काय होईल ते सांगायला नको. त्याला परत रॅकपाशी जाऊन पाकीट बदलावं लागेल. चूक कृतीत आहे.

अंदाज ही हेराची यादी आहे. जग वेगळं निघालं तर यादी दुरुस्त करायची. वचन ही घरून आणलेली यादी. जग वेगळं निघालं तर आपण धावायचं आणि जग बदलायचं. दोन्ही यादींत आकडा एकच असतो, ‘चार आठवडे’, आणि तो बघून यादी कुठली हे ओळखता येत नाही. प्रोजेक्ट प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये घडतं ते असं: दारातून आत जाताना माझ्या हातात हेराची यादी असते आणि बाहेर येताना ती सामानाची यादी झालेली असते. बदल नक्की कुठल्या क्षणी झाला ते कुणालाच सांगता येत नाही. आणि मीटिंगला नसलेला एक मुलगा ती यादी घेऊन दुकानात पाठवला जातो.

माणसाला अंदाज नीट करता येत नाही हेही खरं. याबद्दल डॅनियल कानमनने स्वतःचीच फजिती लिहून ठेवली आहे. सत्तरच्या दशकात इस्रायलमध्ये तो आणि काही सहकारी शाळेसाठी एक अभ्यासक्रम तयार करत होते, विषय निर्णय कसे घ्यावेत हा. (नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच.) एकदा त्याने सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, अजून किती वेळ लागेल? उत्तरं दीड ते अडीच वर्षांच्या मध्ये आली. मग त्याने गटातल्या शिक्षणतज्ज्ञाला विचारलं की अशी कामं केलेल्या इतर गटांना किती वेळ लागला. तो माणूस जरा ओशाळला. म्हणाला, सुमारे चाळीस टक्के गटांचं काम कधी पूर्णच झालं नाही आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. त्याच माणसाने पाच मिनिटांपूर्वी चिठ्ठीवर अडीच वर्षांच्या आतलाच आकडा लिहिला होता! ही माहिती त्याच्या डोक्यात होती, ती स्वतःच्या कामाला लागू होते असं त्याला वाटलंच नव्हतं. पुस्तक पूर्ण व्हायला आठ वर्षं लागली आणि ते कधी वापरलं गेलं नाही.

चिठ्ठीवर लिहिताना त्या माणसाने खोटं बोललेलं नाही, हे मला मान्य आहे. माझा सवाल त्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल आहे. खरा आकडा टेबलावर आला, सगळ्यांनी ऐकला आणि मग काहीच झालं नसल्यासारखं काम पुढे सुरू राहिलं. त्या दिवशीच थांबायला हवं होतं, असं कानमननेच नंतर लिहिलं. माझी चूक या जातीची आहे. मला सात माहीत होतं. भ्रमाचा बचाव मला मिळत नाही.

मॅनेजर मंडळींचाही एक बचाव आहे आणि तो अगदीच फालतू नाही. ते म्हणतात, इंजिनिअर नेहमी वाढवून सांगतात, म्हणून आम्ही कापतो. इंजिनिअर म्हणतात, हे कापतात म्हणून आम्ही वाढवतो. भाजीवाली साठ म्हणते, आई चाळीस म्हणते, पन्नासला जुडी मिळते, आणि या व्यवहारात कुणी कुणाला खोटारडं म्हणत नाही. आमच्या गावातला शिंपी ‘गुरुवारी या’ म्हणायचा तेव्हा कुठला गुरुवार हे विचारण्याचा मूर्खपणा कुणी करत नसे. खेळाचे नियम दोघांना माहीत असतील तर फसवणूक कुठली?

मला हा युक्तिवाद बरेच दिवस पटला होता. अडचण एवढीच की भाजीच्या घासाघिशीत दोनच माणसं असतात. आमच्या घासाघिशीत मी आणि मॅनेजर पन्नासवर आलो, पण पैसे तिसऱ्याच्या खिशातून गेले. त्याला खेळ माहीत नव्हता, त्याला फक्त तारीख माहीत होती.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पहिल्या धड्यात एक त्रिकोण शिकवतात: काम किती, वेळ किती, पैसा किती. एक बाजू ओढली की दुसऱ्या हलणारच. परीक्षेत लिहायला छान आहे. प्रत्यक्षात तिन्ही बाजू आधीच कुणीतरी खिळे मारून ठोकलेल्या असतात. मग जे वाकतं ते त्रिकोणाच्या चित्रात नसतं: कुणाचे शनिवार, कुणाची झोप, आणि टेस्टिंग. माणसं वाढवून भागेल असंही नाही. फ्रेडरिक ब्रुक्सने आयबीएममध्ये ओएस/३६० या प्रचंड प्रोजेक्टचं काम सांभाळलं आणि १९७५ साली लिहिलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. जुने लोक नव्यांना शिकवत बसतात आणि बोलायची माणसं वाढतात. पन्नास वर्षं झाली, आम्ही अजून माणसं वाढवतो.

मला सात माहीत असून मी चार का म्हणालो? भीतीने म्हणावं तर नोकरी जाणार नव्हती. लोभही नव्हता. खरं कारण जरा लाजिरवाणं आहे. कॉलवर आठ लोक गप्प होते आणि ‘नाही’ म्हणून त्या शांततेतला विचित्रपणा मला माझ्या नावावर घ्यायचा नव्हता. आपल्याकडे ‘बघू’, ‘करूया’, ‘होऊन जाईल’ असे शब्द आहेत, जे ‘हो’सारखे ऐकू येतात आणि ‘हो’ची जबाबदारी घेत नाहीत. मी त्यातलाच एक वापरला.

याच गोष्टीचं फार मोठं आणि भयंकर रूप २७ जानेवारी १९८६ च्या रात्री घडलं. चॅलेंजर यान दुसऱ्या दिवशी सकाळी उडायचं होतं. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली होती. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर नासाला फोनवर सांगत होते की इतक्या थंडीत जोडांमधली रबरी ओ-रिंग नीट काम करेल याची खात्री नाही, उडवू नका. नासाकडून नाराजी आली. कंपनीने थोडा वेळ मागून फोन बंद केला आणि आपसात चर्चा केली. तिथे एका वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. फोन पुन्हा जोडला तेव्हा कंपनीचं उत्तर ‘उडवा’ असं झालं होतं. यान ७३ सेकंदांत कोसळलं, सातही जण गेले. चौकशी आयोगाच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात रिचर्ड फाइनमनने लिहिलं की यान निकामी होण्याची शक्यता कामावरचे इंजिनिअर शंभरात एक सांगत होते आणि व्यवस्थापन लाखात एक.

माझ्या विमा कंपनीच्या डेटात कुणी मरणार नव्हतं, तुलना तेवढ्यापुरतीच. पण ती टोपी मला ओळखीची वाटते. माझ्या कॉलवर मला कुणी टोपी बदल म्हणालंसुद्धा नाही. मी स्वतःच बदलली.

म्हणून तारखाच नकोत का? ते मला पटत नाही. ज्या रेल्वेचं तिकीट त्या मुलाने रद्द केलं, ती तारखा लावून बांधलेली रेल्वे आहे. १९९० साली कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख होते आणि तारखांबद्दलचा त्यांचा आग्रह प्रसिद्धच आहे. नव्वदहून जास्त बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल, सह्याद्रीचा दगड, आणि संपूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत सुरू झाला. तारखेशिवाय हे झालं नसतं. पण गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ, पाण्याने भरलेली माती लागली. खोदावं आणि ढासळावं, असं पुन्हा पुन्हा झालं. तिथे मातीला कुणी ‘चार आठवड्यांत घट्ट हो’ म्हणू शकत नव्हतं. तारीख सरकली. हेराची यादी खोडून पुन्हा लिहिली गेली. त्या मार्गाच्या कामात माणसंही गेली, रत्नागिरीत त्यांचं स्मारक आहे. गाडी वेळेवर आहे की नाही हे मोबाइलवर बघताना आपण तिकडे बघत नाही, मीही बघत नसे.

आमच्या कामात अडचण ही आहे की माती दिसत नाही. बोगदा ढासळला तर सगळ्यांना कळतं. डेटा ढासळला तर तो रात्री अडीच वाजता एकट्या कुणाच्या तरी स्क्रीनवर ढासळतो आणि सकाळच्या स्टँड-अपमध्ये तो म्हणतो, ‘ऑलमोस्ट डन.’

गेल्या महिन्यात नवं काम आलं. पुन्हा तोच प्रश्न, तोच बॉलपार्क. मी म्हणालो, ‘सहा ते नऊ आठवडे. डेटा बघितल्याशिवाय यापेक्षा जवळचं सांगता येणार नाही.’ कॉलवर शांतता झाली. मी ती पडू दिली. अकरा सेकंद असेल, मला तरी तेवढी वाटली. मॅनेजर म्हणाला, ‘अरे, या रकान्यात एकच आकडा बसतो.’ मी म्हणालो, ‘मग नऊ लिही.’ त्याने सात लिहिला. मी शेजारी कमेंट टाकली: सहा ते नऊ, सातचा शब्द टीमने दिलेला नाही. त्यावर अजून कुणाचं उत्तर आलेलं नाही.

कॉल संपल्यावर कुडाळकर माझ्या डेस्कपाशी आला. गणपतीचं बुकिंग दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होतं. सातवा आठवडा कुठे येतो ते त्याने मोजलं होतं, मीही मोजलं होतं.

‘दादा, काढू ना तिकीट?’

‘काढ,’ मी म्हणालो. मग शीट उघडली आणि त्या आठवड्याच्या पाचही दिवसांसमोरचं त्याचं नाव खोडून माझं टाकलं.