गोंदण आणि वचन

आजीच्या हनुवटीवर गोंदण होते. आईने ते खेडवळपणाचे लक्षण म्हणून टाळले. आणि आता नात दंडावर टॅटू काढून घ्यावयाचे म्हणते. आजीच्या वेळी गोंदणारीण दारी आली म्हणजे मुलीला घरची माणसे धरून बसवीत, ती रडे, आणि हातावर तुळशीवृंदावन उमटले की तिचे कौतुक होई. नातीला कोणी धरून बसविलेले नाही. ती सज्ञान आहे, स्वतःच्या कमाईचे पैसे खर्चणार आहे, आणि तरी घरात तिलाच अविचारी म्हणतात. जिला कोणी विचारले नाही तिच्या खुणेविषयी आपणांस शंका येत नाही. जी विचार करून संमती देते तिच्याविषयी येते. हे कोडे थोडे उलगडून पाहण्याजोगे आहे.

वडील मंडळींचा आक्षेप पोरकट नाही. 'पुढे पस्तावशील' या शब्दांत एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे. वीस वर्षांच्या मुलीने चाळीस वर्षांच्या बाईच्या अंगावर काय लिहावे, हे ठरविण्याचा अधिकार तिला कोणी दिला? ती चाळिशीची बाई आज हजर नाही व तिचे मत घेता येत नाही. लेझरच्या किरणांनी शाई फोडून खूण पुसट करता येते खरी; पण त्यास अनेक खेपा लागतात, खर्च होतो, आणि सगळेच रंग सारखे जात नाहीत. तेव्हा निर्णय कायमचा असेच धरून चालणे शहाणपणाचे. मात्र हाच आक्षेप शेवटपर्यंत ताणला तर विवाह करता येणार नाही व मुलांना जन्मही देता येणार नाही, कारण त्या सर्वांचा भार उद्याच्याच माणसावर पडावयाचा असतो. आजचा मी उद्याच्या मीचा केवळ विश्वस्त असतो असे नाही. तो त्याचा पूर्वजही असतो, आणि पूर्वज वारशात थोडेबहुत ओझे ठेवूनच जातात.

मग निर्णयाची कसोटी कोणती? केवळ शोभेसाठीच माणसे गोंदवून घेत आली असे इतिहास सांगत नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या पुरुषाच्या देहावर ६१ खुणा मोजल्या गेल्या आहेत. त्यांतील पुष्कळ दुखऱ्या सांध्यांच्या आसपास असल्याने तो वेदनेवरील उपचार असावा, असे संशोधक मानतात. खुणेचा नैतिक अर्थ मात्र सुई कोणाच्या इच्छेने चालते यावर पुष्कळसा अवलंबून असतो. कंपनी सरकारने १७९७ साली बंगाल इलाख्यात जन्मठेपीच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचे नाव व गुन्हा गोंदण्याचा कायदा केला. ही रीत १८४९ साली बंद झाली. पुढे त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात, अस्पृश्य मानून ज्यांना देवळात येऊ देत नसत अशा छत्तीसगडातील लोकांत परशुराम यांनी रामनामी पंथ सुरू केला. त्या पंथातील कित्येकांनी रामाचे नाव सर्वांगावर, कपाळावरसुद्धा, गोंदवून घेतले. देवळाचे दार बंद करणे पुजाऱ्याच्या हाती होते. कातडीवरचे नाव त्याच्या हाती नव्हते. आउश्वित्झच्या छळछावणीत १९४१ पासून कैद्यांच्या अंगावर क्रमांक गोंदले गेले, आणि त्यांतून वाचलेल्यांच्या काही नातवंडांनी आपल्या आजोबा-आजीचा तोच क्रमांक आपण होऊन हातावर गोंदवून घेतला आहे. आकडा एकच, पण पहिल्या वेळी त्याने माणसाचे नाव हिरावले, दुसऱ्या वेळी एका माणसाची आठवण जतन केली.

तरीही स्वेच्छा असली म्हणजे सर्व झाले असे म्हणवत नाही, कारण इच्छाही उसनी असू शकते. मैत्रिणींनी काढले, नटाच्या हातावर पाहिले, म्हणून जन्मलेली इच्छा आपली कितपत म्हणावी? आजीच्या वृंदावनाचा अर्थ सारा गाव सांभाळीत होता. दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत तिच्या एकटीची नव्हती. नातीच्या खुणेचा अर्थ मात्र तिला एकटीलाच जन्मभर सांभाळावयाचा आहे. हा भार आजीवर कधी पडला नव्हता, आणि घरच्यांच्या मनातील अबोल भीती बहुधा हीच असते.

पुष्कळ तरुण म्हणतात की गोंदण हे एक वचन आहे. प्रिय व्यक्तीचे नाव कोरले की निष्ठा कोरली. येथे मला थांबावेसे वाटते. शाई त्वचेत कशी टिकते याविषयी उंदरांवर केलेले काही प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसले की, शाई ज्या पेशी गिळून ठेवतात त्या कालांतराने मरतात, शाई मोकळी होते, आणि नव्याने आलेल्या पेशी ती पुन्हा गिळतात. राखणदार बदलतात, ठेव तीच राहते. वचनही असेच टिकते. प्रत्येक दिवसाच्या नव्या मनाने ते कालच्या मनाकडून मागून घ्यावे लागते. फरक एवढाच की त्वचा हे काम आपल्या नकळत करते, मनाला ते जाणूनबुजून करावे लागते. म्हणून आटलेल्या प्रेमाचे नावही मनगटावर तसेच शाबूत राहते.

तेव्हा 'पस्तावशील' असे बजावण्यापेक्षा मुलीला असे विचारावे की, ही खूण नसती तरी जे ती दाखविते ते तुझे असते काय? असेल, तर तिने ते अंगावर मिरविण्यात मला दोष दिसत नाही; आणि नसेल, तर सुईने ते येणार नाही. उत्तर तिला लगेच सुचले नाही तर ते चित्र कागदावर काढून तिच्या अभ्यासाच्या मेजासमोर वर्षभर टांगू द्यावे. वर्षाअखेर ते तिला पहिल्या दिवसासारखेच आपले वाटले, तर घरच्यांनी आणखी हट्ट धरू नये.