टाकणं आणि देणं

रविवारी दुपारी कोल्हापुरातल्या आमच्या घरी तांबडा रस्सा संपत आला की ताटांच्या कडेला हाडांचे छोटे ढीग साचत. दाराशी आमचा कुत्रा खंड्या बसलेला असे, पुढचे पाय जुळवून, कान टवकारून, जराही आवाज न करता. शेवटचं ताट उचललं गेलं की मी सगळी हाडं एका परातीत गोळा करायचो आणि अंगणात त्याच्यापुढे ओतायचो. बारा वर्षं हा क्रम चालला. त्याचं ते तल्लीन होऊन कडाकडा चावणं पाहत मी पायरीवर बसे. एका मुक्या जिवाला आपण सुख देतो आहोत, असं मला मनापासून वाटे.

बाराव्या वर्षीच्या पावसाळ्यात एका मंगळवारी खंड्याने अन्न सोडलं. तो पुन्हा पुन्हा अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बसे, कुंथे आणि तसाच उठे. पोटाला हात लावू देईना. पशुवैद्यांनी एक्स-रे काढला. मोठ्या आतड्यात हाडांच्या तुकड्यांचा गच्च गोळा पांढराफटक दिसत होता. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "हाडं शिजवलेली होती का?"

"हो. कुकरमध्ये," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. भूल देऊन, एनिमा देऊन तो गोळा थोडा थोडा बाहेर काढावा लागला. त्यात सुईसारख्या टोकाच्या कपच्या होत्या. खंड्या वाचला. पण डॉक्टरांनी विचारलेला तो साधा प्रश्न बारा वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नव्हता, हे मला आजही टोचतं.

आपल्या भाषेकडे थोडं पाहू. पाहुण्याला आपण वाढतो. बाळाला भरवतो. देवाला नैवेद्य दाखवतो. गाईला घास देतो. कुत्र्याला मात्र टाकतो. 'हाडूक टाकलं', 'भाकरतुकडा टाकला' असंच आपण म्हणतो. हे क्रियापद आपण विचार न करता वापरतो, पण ते खरं बोलून जातं. टाकताना आपली नजर आपल्या ताटाकडे असते, ते रिकामं व्हावं एवढंच हवं असतं. देताना नजर घेणाऱ्याकडे वळवावी लागते. त्याचे दात कसे आहेत, त्याचं वय काय, तो चावून खातो की गिळून टाकतो, हे पाहावं लागतं. मी बारा वर्षं टाकत होतो आणि त्याला देणं समजत होतो.

शिजवलेल्या हाडात धोका कसला, हे आपल्याच स्वयंपाकघरात कळतं. पायाचं सूप थंड झालं की जेलीसारखं थरथरतं. ते घट्टपण कोलॅजनमुळे येतं. कच्च्या हाडाला थोडी लवचीकता असते ती याच कोलॅजनमुळे. उष्णतेने ते सुटून रश्श्यात उतरतं आणि मागे उरतो तो ठिसूळ, खनिजांचा सांगाडा. दाताखाली तो चुरत नाही, त्याच्या चिपा उडतात. कोंबडीच्या तंगडीचं पोकळ हाड तर भाल्यासारखं तिरकं फुटतं. अशी कपची घशात रुतू शकते किंवा आतडं भेदू शकते. मटणाची गोल कापलेली नळी निराळंच संकट आणते. मगज चाटताना ती खालच्या सुळ्यांमागे जबड्यात बांगडीसारखी अडकते आणि कधी कधी डॉक्टरांना कापूनच काढावी लागते.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं, "आमच्या गावाकडची कुत्री पिढ्यान् पिढ्या हाडं खाऊनच जगली." जी जगली ती आपल्याला दिसली. जी गोठ्यामागे, उकिरड्यावर जाऊन मुकाट्याने मेली, ती कशाने मेली हे विचारायला कोण गेलं होतं? कच्चं हाड तितकं फुटत नाही, हे खरं आहे. पण त्यावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. ते कुत्र्याला आजारी पाडतात आणि त्याच्या तोंडावाटे, जमिनीवाटे घरातल्या रांगत्या बाळापर्यंतही पोचतात. शिवाय दात मोडण्याची भीती कच्च्या हाडातही असतेच.

मग दुकानातलं पाकीट आणलं की आपण सुटलो का? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली भाजून, धुरी देऊन पाकिटात विकल्या जाणाऱ्या हाडांबद्दल लोकांना सावध केलं. नोव्हेंबर २०१० ते सप्टेंबर २०१७ या काळात अशा हाडांविषयी त्यांच्याकडे सुमारे ६८ तक्रारी आल्या होत्या. त्यांत ९०च्या आसपास कुत्री होती आणि सुमारे १५ दगावली होती. त्याआधीची गोष्ट आणखी मोठी आहे. कोंबडी, बदक आणि रताळ्याच्या सुकवलेल्या पट्ट्या 'जर्की' म्हणून तिथे घरोघरी दिल्या जात. त्यांतल्या बहुतेक चीनमधून येत. २००७ पासून तक्रारी सुरू झाल्या आणि २०१५ अखेर त्या ५,२०० च्या घरात गेल्या. ६,२०० हून जास्त कुत्री आजारी पडल्याचं आणि १,१४० हून जास्त मेल्याचं त्या तक्रारींत नोंदलेलं आहे. वर्षानुवर्षं तपासण्या झाल्या, तरी नेमकं कारण ठामपणे हाती लागलं नाही. ती पाकिटं आणणाऱ्या माणसांचं आपल्या कुत्र्यांवर प्रेम नव्हतं, असं कोण म्हणेल? प्रेम होतंच. पण त्या पट्ट्या कुत्र्याच्या आहारासाठी गरजेच्या नव्हत्या, त्या देण्याच्या हौसेसाठी होत्या.

आपल्याकडच्या दुकानांत गाठ मारलेली, पांढरी, कधी रंग दिलेली चामड्याची हाडं टांगलेली असतात. ती हाडं नसतात. चामडं कमावताना कातडीचे थर वेगळे केले जातात. वरचा टिकाऊ थर जोडे, पट्टे, पिशव्यांकडे जातो. आतल्या थरापासून हे चघळायचं 'हाड' होतं. केस काढण्यासाठी चुना आणि इतर रसायनं वापरलेली असतात, अनेकदा पांढरं करण्यासाठी ब्लीचही केलेलं असतं. चघळून ते मऊ झालं की कुत्रं मोठा तुकडा तसाच गिळतं. तो नीट पचत नाही, ओलाव्याने फुगतो आणि आतड्याची वाट अडवू शकतो. इथेही तेच घडतं. एका धंद्यात उरलेलं दुसऱ्याच्या तोंडात जातं. आमच्या परातीतल्या हाडांत आणि या वेष्टनातल्या हाडांत फरक एवढाच, की वेष्टनातल्यांना किंमत मोजावी लागते.

दुसरं टोक अति कठीण वस्तूंचं. कुत्र्याला ४२ दात असतात, पण त्यांवरचं कवच आपल्या दातांपेक्षा पातळ असतं. हरणाचं शिंग, जनावराचा खूर, दगडासारखं नायलॉनचं हाड चावताना वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेची कपची निघते आणि आतली नस उघडी पडते. ठणका लागतो, पण कुत्रं विव्हळत नाही. ते गुपचूप दुसऱ्या बाजूने खाऊ लागतं. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडची माणसं दुधाची वाळवलेली छुर्पी गालात धरून तास तास चघळतात. तीच आता कुत्र्यांसाठी जगभर विकली जाते. ती अन्न आहे, हे चांगलंच. पण तीही बरीच कठीण असते, आणि झिजून लहान झालेला शेवटचा तुकडा घशात अडकू शकतो. पशुवैद्य यासाठी एक सोपी परीक्षा सांगतात. अंगठ्याचं नख त्या वस्तूत दाबा. नख किंचितही रुतलं नाही, तर ती त्या दातांसाठी नाही.

सणासुदीचा घासही असाच पारखून घ्यायला हवा. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे आपल्याला गोड लागतात, कुत्र्याचं मूत्रपिंड मात्र त्यांनी निकामी होऊ शकतं. कांदा-लसूण मसाल्याच्या रश्श्यात कालवलेली भाकरी त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडते, कांदा शिजवला तरी हा गुण जात नाही. चॉकलेटही त्याला विषच. बिनसाखरेच्या च्युइंगगममधल्या झायलिटॉलने त्याच्या रक्तातली साखर थोड्याच वेळात धोकादायक खाली येते.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग द्यायचंच नाही का? असं नाही. चघळणं ही कुत्र्याची खरी गरज आहे. पिल्लाच्या हिरड्या शिवशिवतात, मोठ्या कुत्र्याचं मन चघळण्याने शांत होतं, एकटेपणाचे तास त्यात सरतात. ती गरज नाकारणं हाही अन्यायच. तिला योग्य वस्तू शोधणं एवढंच आपलं काम आहे. जाड, दाबलं तर दबणारं रबरी खेळणं घ्यावं, त्याच्या तोंडात अख्खं मावणार नाही एवढं मोठं. त्याच्या पोकळीत उकडलेला भोपळा किंवा बिनमिठाचा दहीभात भरावा. शिजवलेलं, हाड काढलेलं, बिनमसाल्याचं कोंबडीचं मांस, उकडलेलं अंडं, बिया काढलेलं सफरचंद हेही चालतं. गाजर द्यावं, पण गिळणाऱ्या कुत्र्याला लहान फोडी करून. असा खाऊ दिवसभराच्या आहाराच्या एक दशांशापेक्षा जास्त नसावा. पाकीट घेतलंच तर ते कशापासून, कुठे, कधी बनलं हे वाचावं आणि नीट लिहिलेलं नसेल तर परत ठेवावं. तो चघळत असताना आपण जवळ असावं. शेवटचा तुकडा त्याच्याकडून हिसकावू नये. बदल्यात दुसरं काही आवडीचं पुढे करावं, म्हणजे तो आपणहून सोडतो. हा एवढा सगळा खटाटोप म्हणजेच देणं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र पाहायला सांगितलं आहे. 'पात्र' या शब्दाचा अर्थ आपण बहुधा घेणाऱ्याची लायकी असा घेतो आणि दान देताना समोरच्याची परीक्षा पाहतो. पण पात्र म्हणजे भांडंही. भांड्यात काय मावेल, काय टिकेल, हे ओतणाऱ्याने पाहायचं असतं. माणसाला आपण नको ते दिलं तर तो निदान नको म्हणू शकतो, लेबल वाचू शकतो, दुसऱ्याला विचारू शकतो. कुत्रं यातलं काहीच करू शकत नाही. जो नाही म्हणू शकत नाही, त्याला देताना आपली जबाबदारी दुप्पट होते, कारण त्याच्या वाट्याचा विचारही आपल्यालाच करावा लागतो. घरातलं तान्हं मूल, अंथरुणाला खिळलेले आजोबा यांच्या बाबतीत आपण हे जाणतो. दाराशी बसलेल्याच्या बाबतीत विसरतो.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. याच मराठीत 'कुत्र्याला तूप पचत नाही' अशी म्हणही आहे. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हा प्रश्न मला खंड्याच्या आजारपणात पडला. आज मला वाटतं, त्या गोष्टीचं मर्म तुपात नाही, धावण्यात आहे. पोळी गेली ती गेली, असं म्हणून नामदेव बसले नाहीत. कोरडा घास त्याच्या घशाखाली कसा उतरेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. आज आपल्या कुत्र्याच्या तोंडात कोंबडीचं हाड दिसलं, तर ते सोडवून घेण्यासाठी त्याच तळमळीने धावणं, ही त्या गोष्टीची आजची रीत आहे.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी जेवणं झाली की हाडं कागदात घट्ट गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवू नका, तिथली बेवारस कुत्री पिशवीसकट ती गिळतात. टाकायचं ते डब्यात टाका आणि द्यायचं ते विचार करून, हाताने द्या.

खंड्या त्यानंतर तीन वर्षं जगला. रविवारी दुपारी तो पूर्वीसारखाच दाराशी बसे आणि मी पुढे ठेवेन ते शेपूट हलवत खाई. मी काय ठेवलं आहे, हे त्याने आधीची बारा वर्षंही तपासलं नव्हतं आणि नंतरही कधी तपासलं नाही. ते काम पहिल्यापासून माझं होतं.