कोरी वही

चाळिशी उलटली की माणसाला आपली खरी किंमत कळू लागते, असे जाणती माणसे सांगतात. मला ती गेल्या श्रावणात, एका बँकेच्या काउंटरपाशी, अवघ्या दोन मिनिटांत कळली.

त्याचे असे झाले. माझी मुलगी नागपूरला कॉलेजात शिकते. तिला लॅपटॉप हवा होता. दुकानदार म्हणाला, क्रेडिट कार्ड असेल तर बिनव्याजी हप्ते पाडून देऊ. मी मॅट्रिक झालेला माणूस. तिरोड्यातल्या एका लहानशा खासगी शाळेत मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा उद्योग. या दोन्ही धंद्यांत एकरकमी पैसा कधी हाती येत नाही, हे वाचकांना सांगायला नकोच. मी कार्डासाठी अर्ज केला. आठवड्याने चौकशीला गेलो, तेव्हा तिथल्या तरुणाने संगणकाकडे पाहत मान हलवली. तो माझाच जुना विद्यार्थी.

"सर, तुमच्या नावावर तं काहीच दिसून नाही राहिलं."

"म्हणजे कर्ज नाही ना?" मी जरा ऐटीतच विचारले.

"तेच तं सर! तुम्ही कधी कर्जच नाही घेतलं. मग तुमची पत कशी समजावी?"

मी घरी आलो तो फुरंगटूनच. माझे वडील सांगत, "अर्धी भाकर खा, पण कुणाचं देणं डोक्यावर ठेवून झोपू नको." ते मी जन्मभर पाळले. आणि आता त्याच गुणापायी माझी पत शून्य! शून्यसुद्धा नव्हे, शून्य हा निदान एक आकडा तरी असतो. शेजारच्या धानवाल्या शेतकऱ्याकडे किसान क्रेडिट कार्ड आहे. ती योजना १९९८ सालची. तो दर हंगामात कर्ज काढतो, धान विकले की फेडतो. त्याला पत आहे. मला शेती नाही, कर्ज नाही, म्हणून पतही नाही.

मग मी या पतीचा शोध घेऊ लागलो. आपल्या देशात माणसांच्या कर्जाची टिपणे ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. त्यांतली पहिली, सिबिल, २००० साली निघाली. २००५ साली या कामासाठी कायदाही झाला. कुणी हप्ता वेळेवर भरला, कुणी चुकवला, हे बँका त्यांना कळवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा माणसाच्या नावापुढे बसतो. ज्याने कधी काही घेतलेच नाही, त्याच्या नावापुढे आकडा नसतो. इतिहास नाही, एवढाच शेरा.

मला मोठी मौज वाटली. दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या नि खते जाळली. त्या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. एके काळी माणसे आपल्या नावाचा कागद बुडवायला, जाळायला निघत होती. आणि मी? माझ्या नावाचा कागद नाही, म्हणून हिरमुसून बसलो होतो!

पण राग ओसरल्यावर त्या पोराचे म्हणणे मनात घोळू लागले. जो कधी पाण्यात उतरलाच नाही, त्याने मी कधी बुडालो नाही म्हणून छाती फुगवावी, हे कितपत खरे? माझी सचोटी कधी कसाला लागली होती का? आणि त्याहून अवघड प्रश्न: मी खरोखरच निष्कर्ज होतो का?

आमच्या घराचा किराणा वर्षानुवर्षे एकाच दुकानातून येतो. महिनाभर वहीत मांडायचे आणि मानधन झाले की चुकते करायचे. या उधारीला मी कधी कर्ज म्हटलेच नाही. वडील आजारी होते त्या वर्षी पाच महिने मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही. सामान मात्र घरी येत राहिले. त्याहीपूर्वीची गोष्ट आई सांगे. वडील नव्यानेच तिरोड्यात आले होते, गावात ओळखीचे कुणी नव्हते. पहिल्याच दिवशी त्या दुकानदाराच्या वडिलांनी तांदूळ, मीठ, तेल बांधून दिले आणि वहीत नाव लिहिले. त्या नावामागे कसला इतिहास होता? मी ज्या निष्कर्जपणाची ऐट मिरवत होतो, तो दुसऱ्याच्या विश्वासावर उभा होता.

म्हणून जुने ते सगळे सोने होते, असे मात्र मी म्हणणार नाही. बाजारातली ती वही उघडण्यापूर्वी कोण, कुठला, कुणाचा, हे विचारले जाई. आणि उत्तर ऐकून कित्येकांच्या तोंडावर ती मिटलीही जाई. संगणकातला आकडा माणसाची जात विचारत नाही, हे त्याचे पुण्य मान्य केले पाहिजे. पण वहीवाल्याला माझ्या वडिलांचा आजार दिसत होता. आकड्याला फक्त चुकलेली तारीख दिसते.

शेवटी त्या विद्यार्थ्यानेच तोड सांगितली. बँकेत मुदत ठेव ठेवायची आणि तिच्या तारणावर कार्ड घ्यायचे. मी वीस हजारांची ठेव ठेवली, तिच्याहून थोड्या कमी रकमेचे कार्ड मिळाले. आपलेच पैसे ओलीस ठेवून आपणच उधार घ्यायचे! बिल वेळेवर पूर्ण भरले तर व्याज नाही. मागे ठेवले तर पुष्कळ कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाला बेचाळीस. हा दर ऐकला असता तर सुप्याचे सावकारही विचारात पडले असते. मी दर महिन्याला बिल पुरते फेडतो आहे. आता माझा इतिहास घडू लागला आहे म्हणतात.

गोष्ट इथेच संपायची. पण पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तके लिहायला बसलो आणि एका नावापाशी पेन थांबले. चौथीतली एक मुलगी. खोडी नाही, तक्रार नाही, हात वर करणे नाही. मागच्या वर्षीचा माझाच शेरा पाहिला: 'ठीक.' त्याच्या मागच्या वर्षीचाही 'ठीक.' दोन वर्षे ती माझ्यासमोर बसली होती आणि माझ्याजवळ तिची एकही नोंद नव्हती.

वर्गात गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी आहे. आधीचे पुस्तक ज्याने वेळेवर, न फाडता परत केले, त्यालाच नवे पुस्तक, हा नियम माझाच. पुस्तके जपली जावीत म्हणून केलेला. त्यामुळे तीच ती आठ-दहा मुले वर्षभर पुस्तके नेतात. या मुलीने कधी पुस्तक मागितले नाही आणि मी कधी दिले नाही. बँकेने मला जे केले, त्याचा मला केवढा राग आला होता! तेच मी एका नऊ वर्षांच्या पोरीला दोन वर्षे करीत होतो, तेही नियमाने, न रागावता.

रिझर्व्ह बँकेनेही २०२५ च्या जानेवारीत बँकांना बजावले आहे की पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही एवढ्यासाठी नाकारू नये. शहाणपणाचे सांगणे आहे. पण मला ते बँकेपेक्षा माझ्या पेटीला अधिक लागू पडते असे वाटते. दुसरा विश्वास पहिल्याच्या आधाराने ठेवता येतो. पहिल्याला आधार नसतो. तो कुणीतरी आपल्या जिवावर ठेवावाच लागतो, आणि तो बुडण्याचा धोकाही त्यानेच पत्करायचा असतो.

सुट्टी लागण्याच्या दिवशी मी त्या मुलीला पेटीजवळ बोलावले. "कोणतं पाहिजे ते घे." ती पुष्कळ वेळ नुसती पाहत राहिली. मग तळाचे एक जाड पुस्तक तिने दोन्ही हातांनी उचलले. "सर, हे दिवाळीभर ठेवू?" तिचा एवढा मोठा आवाज मी प्रथमच ऐकला. मी नोंदवहीचे नवे पान काढून तिचे नाव लिहिले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या किराणा दुकानात दरवर्षी वहीपूजन होते. पाटावर नवी वही ठेवतात, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढतात, फुले वाहतात, हात जोडतात. लहानपणापासून मी हे पाहत आलो; पण ती वही कोरी असते, हे कधी ध्यानात आले नव्हते. वर्षभरात तिच्यात कोण फेडील नि कोण बुडवील, हे ठाऊक नसतानाच तिची पूजा होते.

मंडईचे दिवस सरले की शाळा उघडेल. पुस्तक परत येईल की नाही, मला माहीत नाही. आले नाही, तर नियमाप्रमाणे रागावेन की नाही, तेही अजून ठरवलेले नाही. पण पेटीत आणखी सतरा पुस्तके आहेत, आणि माझ्या वर्गात कोऱ्या पानांची मुले त्याहून जास्त आहेत.