मालक, कूळ आणि वापरकर्ता

माझे वडील नवं पुस्तक घरी आणलं की आधी पहिल्या पानावर निळ्या शाईने तीन गोष्टी लिहीत: स्वतःचं नाव, तारीख आणि पुस्तक कुठे घेतलं ते. बहुतेक पुस्तकांवर 'अप्पा बळवंत चौक, पुणे' असं आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक लांबट वही असे. कोणी पुस्तक मागून नेलं की तीत नोंद व्हायची, परत आलं की त्या नोंदीवर रेघ. वडील गेल्यावर आम्ही भावंडांनी ती पुस्तकं वाटून घेतली. बहिणीने इतिहासाची नेली, मी ललित आणि कविता ठेवल्या, उरलेली गावच्या वाचनालयाला दिली. या वाटणीसाठी कुठल्या प्रकाशकाला विचारावं असं आमच्या मनातही आलं नाही.

पुढे काही महिन्यांनी बहिणीने माझ्याकडे एक पुस्तक मागितलं. ते माझ्याकडे होतं, पूर्ण पैसे मोजून घेतलेलं, पण ई-पुस्तकाच्या रूपात. "मग पाठव ना," ती म्हणाली. पाठवता येईना. द्यायचं तर माझं सगळं खातंच पासवर्डासकट द्यावं लागलं असतं, आणि अटींमध्ये त्यालाही मनाई होती. त्या अटी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचल्या. पुस्तक मला विकलेलंच नव्हतं. ते वाचण्याचा परवाना मला दिला होता. तो दुसऱ्याला देता येत नव्हता आणि माझ्या मागे माझ्या मुलांनाही मिळणार नव्हता. ज्या बटणावर बोट ठेवून मी पैसे भरले, त्यावर मात्र 'विकत घ्या' असंच लिहिलेलं होतं.

विकत घेणं या रोजच्या क्रियापदाचा अर्थ कधी पालटला, हे मी तेव्हापासून समजून घेतो आहे.

जुना अर्थ आपल्याला शिकवावा लागत नाही. पैसे दिले, वस्तू आपली झाली, विकणाऱ्याचा तिच्यावरचा हात सुटला. पुस्तकांच्या बाबतीत हा अर्थ कोर्टात पारखला गेला तो 1908 साली, अमेरिकेत. बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' या कादंबरीत सूचना छापली होती की ती एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणं हा प्रताधिकाराचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ती 89 सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. प्रत एकदा विकल्यावर पुढच्या व्यवहारांवर प्रकाशकाला अटी लादता येणार नाहीत. मजकुराचा हक्क लेखक-प्रकाशकाकडे राहतो, हातातली प्रत मात्र घेणाऱ्याची होते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही हे तत्त्व आहे. एकदा विकली गेलेली प्रत चलनात आली असं तो कायदा मानतो. गावोगावची वाचनालयं, हुतात्मा चौकाच्या पदपथावरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते, वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत घेतलेली क्रमिक पुस्तकं आणि वडिलांची ती लांबट वही, हे सगळं या तत्त्वावर उभं आहे.

सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळ्या वाटेने सुरू झाली. सुरुवातीला ती विकायची वस्तूच नव्हती. यंत्र घेतलं की आज्ञावली त्याच्याबरोबर यायची. 1969 मध्ये आयबीएमने यंत्राची आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी करायचं जाहीर केलं, आणि नुसत्या आज्ञावलीचा बाजार आकाराला येऊ लागला. 1976 मध्ये विशीतल्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना एक खुलं पत्र लिहिलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्टेअर या छोट्या संगणकासाठी बेसिक भाषेची प्रणाली लिहिली होती आणि लोक तिच्या कागदी पट्ट्या आपसांत नकलून वाटत होते. यंत्राचे पैसे देता, मग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या कष्टाचे का देत नाही, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल रास्त होता, आणि आजही आहे. पुस्तकाची नक्कल करायला कष्ट पडतात, आज्ञावलीची नक्कल क्षणात होते.

अडचण इथेच, तंत्राच्या मुळाशी आहे. पुस्तक वाचायला त्याची नक्कल करावी लागत नाही. आज्ञावली नुसती चालवायची म्हटलं तरी यंत्राला ती स्वतःच्या स्मृतीत उतरवून घ्यावी लागते. म्हणजे प्रत्येक वापरात एक नक्कल होते. नक्कल करण्याचा हक्क ज्याचा, त्याची परवानगी मग वापरालाही लागणार. या युक्तिवादातून सॉफ्टवेअरच्या व्यवहारात 'विक्री' मागे पडून 'परवाना' पुढे आला. डब्यात सीलबंद पाकीट असे. ते फोडलं की आतल्या अटी मान्य केल्या असं धरलं जाई. नंतर पाकीट गेलं आणि 'मला मान्य आहे' हे बटण आलं. आपल्या कायद्याने यातून एक वाट काढलेली आहे. प्रत ज्याच्याकडे रीतसर आली आहे त्याला ती ज्या कामासाठी घेतली त्यासाठी वापरताना आणि जपून ठेवण्यापुरती नक्कल करता येते. पण घरी पाकीट फोडताना एवढा विचार कोण करत होतं?

त्याच परवान्याचा उलटा उपयोगही एका माणसाने करून दाखवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला. वापरा, आतून पाहा, बदला आणि इतरांना वाटा, अशी मुभा देणारा परवाना या चळवळीने रूढ केला. आज जगातले बहुतेक वेबसर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, त्याचा गाभा याच परवान्याखाली वाटला जातो. परवाना हे केवळ बांधण्याचं साधन नाही, मोकळं करण्याचंही असू शकतं, हे त्यातून दिसलं.

सामान्य माणसाच्या मनात मात्र तोवर काहीच बदललेलं नव्हतं. कॅसेट होती, मग सीडी आली. आम्ही नाट्यसंगीताच्या कॅसेटी शेजारी देत होतो, घेत होतो. व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने आणलेली कॅसेट सकाळी परत करायची असते आणि दुकानातून विकत आणलेली आपली असते, हे लहान मुलालाही कळत होतं. न्यायालयाचं मतही याहून फार वेगळं नव्हतं. 2004 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश राज्य यांच्यातल्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सीडीसारख्या माध्यमावर येणारं तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. 2021 मध्ये आयकराच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने प्रताधिकार वेगळा आणि त्याखालच्या वस्तूची प्रत वेगळी, हा भेद पुन्हा स्पष्ट केला. कर घेताना माल आणि वापरताना परवाना, असा हा दुहेरी संसार आहे.

माझ्या मते खरा बदल परवान्याच्या कागदाने झाला नाही. तो इंटरनेटने घडवला. कॅसेट विकणारा दुकानदार आपल्या घरी येऊन ती परत नेऊ शकत नव्हता. कागदावर काहीही लिहिलेलं असो, वस्तू आपल्या फडताळात होती. आता विकणाऱ्याची तार आपल्या वस्तूला कायमची जोडलेली असते. जुलै 2009 मध्ये हे जगाला लख्ख दिसलं. जॉर्ज ऑर्वेल यांच्या '1984' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही आवृत्त्या हक्क नसलेल्या प्रकाशकाने ॲमेझॉनवर विकायला ठेवल्या होत्या. चूक लक्षात आल्यावर ॲमेझॉनने त्या वाचकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकल्या आणि पैसे परत केले. एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी केलेली टिपणं त्यामुळे निकामी झाली आणि तो कोर्टात गेला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. पैसे परत मिळाले म्हणून कोणी गप्प बसलं नाही, कारण दुखलं होतं ते वेगळंच. आपण घरात नसताना कोणीतरी कपाट उघडून गेलं होतं.

मग न्यायालयांपुढे प्रश्न आला की डिजिटल प्रत दुसऱ्याला देता येईल का. 2012 मध्ये युरोपच्या न्यायालयाने ओरॅकलविरुद्धच्या प्रकरणात सांगितलं की मुदत नसलेला परवाना पूर्ण किंमत घेऊन दिला असेल तर ती विक्रीच आहे, आणि घेणाऱ्याला तो पुढे विकता येईल. अट एकच, स्वतःकडची प्रत त्याने निकामी करावी. माझ्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला या निकालात दिसलं. पण 2019 मध्ये त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांना हा नियम लावायला नकार दिला. अमेरिकेतही विकत घेतलेल्या गाण्यांच्या फाइल पुन्हा विकणाऱ्या रेडिजी या कंपनीविरुद्ध 2018 मध्ये निकाल गेला. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना नक्कल होतेच, असं तिथलं म्हणणं होतं. सगळं पुन्हा त्याच तांत्रिक गाठीशी येऊन थांबलं.

या सगळ्याचा विचार करताना मला आपल्या मातीतली भाषा आठवली. जमिनीच्या नात्यांसाठी मराठीत किती नेमके शब्द आहेत! मालक, कब्जेदार, वहिवाटदार, गहाणदार, अर्धेलीने कसणारा आणि कूळ. प्रत्येक शब्दाला वेगळा हक्क आणि वेगळं ओझं आहे. सातबाऱ्यावर कुळाचं नाव मालकाच्या जागी लागत नाही, ते 'इतर हक्क' या रकान्यात लागतं, पण लागतं. डिजिटल जगात आपल्याला एकच शब्द मिळाला आहे, 'वापरकर्ता'. तो मालकही नाही आणि कूळही नाही.

कुळाला तरी काय मिळालं होतं ते पाहावं. 1948 च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याने खंडाला मर्यादा घातली, भरलेल्या खंडाची पावती देणं जमीनमालकावर बंधनकारक केलं आणि वाटेल तेव्हा कुळाला काढून टाकायला अटकाव केला. पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि काही अपवाद सोडून जमीन कसणाऱ्या कुळाला तिचा खरेदीदार मानलं गेलं. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेमागचा विचार असा होता की दीर्घ वापरातून आणि कष्टातूनही हक्क तयार होतो. आपण वर्षानुवर्षं एखाद्या ॲपमध्ये फोटो जपतो, पुस्तकांत खुणा करतो, गाण्यांच्या याद्या लावतो. खातं बंद झालं तर त्या मेहनतीवर आपला हक्क नेमका किती, हे आपल्याला कोणीच सांगत नाही.

ही तुलना एका ठिकाणी थांबवायला हवी. लेखक, गायक, आज्ञावली लिहिणारे हे जमीनदार नाहीत. त्यांचं पोट याच प्रतींवर चालतं. नक्कल फुकट होते म्हणून ती फुकट मिळावी असं मला एके काळी वाटत असे. आज तसं वाटत नाही. भाड्याने घेणं वाईट आहे असंही नाही. महिन्याला ठरावीक रक्कम भरून हजारो गाणी ऐकता येणं ही मोठी सोय आहे. अक्षर मोठं करून वाचता येतं म्हणून माझी आई पुन्हा कादंबऱ्या वाचू लागली आहे. न्यू जर्सीत बसलेल्या मराठी वाचकाला नवा कथासंग्रह मिनिटात मिळतो. वाचनालयातलं पुस्तकही आपलं नसतं, पण तिथे आपल्याला कोणी ते विकल्याचं सांगत नाही.

म्हणून माझं आजचं मत तीन गोष्टींवर येऊन थांबलं आहे. पहिली गोष्ट शब्दाची. जे भाडं आहे त्याला भाडं म्हणावं. कॅलिफोर्निया राज्याने 1 जानेवारी 2025 पासून असा कायदा लागू केला आहे. काढून घेता येईल अशी डिजिटल वस्तू नुसतं 'विकत घ्या' असं म्हणून विकता येणार नाही, मिळतो तो परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागेल. आपल्या ग्राहक कायद्यातही हे यायला हवं. दुसरी गोष्ट, जे खरोखर विकलं ते दुकान बंद पडल्यावरही चाललं पाहिजे. फाइल घेणाऱ्याच्या हातात राहिली पाहिजे. तिसरी, ते देता आलं पाहिजे. आपली प्रत पुसून दुसऱ्याला देणं तंत्राने अशक्य नाही. 2012 च्या निकालाने हीच वाट दाखवली होती. मालकीची खरी परीक्षा वस्तू ठेवण्यात नाही, ती देता येण्यात आहे. जे देता येत नाही, ते आपलं कधी झालेलंच नसतं.

वडिलांच्या त्या लांबट वहीत शेवटच्या काही नोंदींवर रेघ पडलेली नव्हती. मागच्या दिवाळीत त्यांतलं एक पुस्तक परत आलं. शेजारच्या काकू ते पिशवीतून घेऊन आल्या, उशीर झाला म्हणून संकोचल्या आणि म्हणाल्या, "त्यांचं होतं, आता तुझं." मी वही काढून त्या नोंदीवर रेघ मारली. त्याच आठवड्यात घरखर्चाचा हिशेब लिहिताना मी एक बदल केला. कागदी पुस्तकं 'पुस्तके' याच सदरात राहिली. ई-पुस्तकं मी 'भाडे' या सदरात लिहिली, घरभाड्याच्या खालच्या ओळीत.