अंधारात बसलेल्यांच्या शेजारी



सामान्य काळातील तिसऱ्या रविवारचे शुभवर्तमान (मत्तय ४:१२-२३) आपल्याला गालीलात घेऊन जाते. योहानाला अटक झाल्याचे ऐकून येशू नाझरेथ सोडतो आणि कफर्णहूम येथे जाऊन राहतो. हा जबुलून व नफताली ह्यांचा प्रदेश. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात अश्शूरच्या राजाने तो जिंकला आणि तेथील लोकांना कैद करून नेले. यशया संदेष्ट्याने अंधारात चालणारे लोक म्हटले ते ह्यांनाच. प्रभूने आपल्या कार्याचा आरंभ येरुशलेमच्या मंदिरात केला नाही. जेथे अंधार सर्वात आधी पसरला होता, तेथे तो राहावयास गेला.

अंधारातील लोक म्हटले की आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांसमोर अन्य धर्माचे शेजारी येतात. असे समजणे योग्य नाही. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले आहे. अंधार म्हणजे आशा संपणे. आपण कोणालाच नको आहोत, देवालाही नको आहोत, असे ज्याला वाटते तो अंधारात बसला आहे. असा माणूस मिस्साला येणाऱ्या कुटुंबातही असू शकतो.

पण पुष्कळ जण विचारतात, "फादर, माझीच प्रार्थना कोरडी झाली आहे. मी दुसऱ्याला काय प्रकाश देणार?"

ह्या प्रश्नाचे उत्तर कोलकात्याच्या संत तेरेसांच्या जीवनात आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना प्रभूची हाक ऐकू आली. त्या झोपडपट्टीत गेल्या. १९५२ साली कालीघाट येथे त्यांनी मरणोन्मुख माणसांसाठी घर उघडले. जगाने त्यांचे हास्य पाहिले. मात्र २००७ साली त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात शिकवणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर जोसेफ नॉयनर ह्यांनी १९६१ च्या सुमारास त्यांना समजावले की हा अंधार त्यांच्या कार्याचाच भाग आहे, क्रुसावरील येशूच्या वेदनेतील तो वाटा आहे. तेव्हापासून त्या अंधाराचा स्वीकार करू शकल्या.

ज्याला स्वतः अंधार ठाऊक आहे, तो अंधारातल्या माणसाला उपदेश करीत बसत नाही. तो त्याच्या शेजारी बसतो. प्रकाश आपल्या मालकीचा नाही, तो प्रभूचा आहे. आपली भावना ओसरली तरी प्रभूचा प्रकाश विझत नाही.

म्हणून ह्या आठवड्यात एका घरी जा. मुले परदेशी असल्याने एकटी पडलेली आजी, दारूच्या आहारी गेलेला मित्र, नोकरी सुटल्याने तोंड लपविणारा तरुण, ह्यांपैकी कोणीतरी आपल्या आळीत असेल. वाद घालू नका, घाई करू नका. आधी ऐका. तुमच्या आशेचे कारण त्याने विचारले, तर मात्र लाजू नका. प्रेमाने आणि स्पष्टपणे येशूचे नाव सांगा. त्याने विचारले नाही, तरी पुन्हा जा.

हे प्रभू येशू, आमचा अंधार तुला ठाऊक आहे. आम्हांला त्यासह स्वीकार आणि आमच्या बांधवांकडे पाठव. आमेन.