त्यांचं त्या बघतील?

घरच्या चार-पाच कोंबड्यांत दोन नव्या तलंगा सोडल्या की पहिले काही दिवस टोचाटोची होतेच. जुन्या कोंबड्या नव्यांना दाण्यांवरून हुसकावतात, कधी तुरा रक्ताळतो. आई म्हणते, "होऊ दे, त्यांचं त्या बघतील." कोण कुणाला टोचणार याची ही उतरंड नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२१ साली मांडली. ती ठरली की भांडणं कमी होतात, हेही खरं. मग माणसानं मध्ये पडावं का?

मला वाटतं, पडावं. कोंबडीचा पूर्वज म्हणजे जंगलातला तांबडा रानकोंबडा. तो हरला तर झुडपात पळतो. खुराड्यात पळायला जागा नसते, कारण जाळी आपण ठोकलेली असते. टोचणं निसर्गाचं, पण कोंडणं आपलं. 'निसर्गाचा नियम' म्हणून हात झटकताना आपण हा दुसरा भाग गाळतो. हॉस्टेलमधलं रॅगिंगही असंच चालतं. 'सगळ्यांनीच सोसलंय' म्हणणाऱ्याला बाहेर जायचं दार कुठे होतं, हे कुणी विचारत नाही.

कोंबड्यांना समता शिकवता येत नाही. पण नव्या पाखरांना रोगाच्या भीतीनं आधी काही आठवडे लांब ठेवणं, मग जाळीआडून ओळख होऊ देणं, एकटीला न सोडता जोडीनं सोडणं, दाण्यापाण्याची भांडी दोन जागी मांडणं, लपायला आडोसा करणं, एवढं जमतं. यानं उतरंड मोडत नाही. फक्त सगळ्यात खालची कोंबडी उपाशी राहत नाही, आणि तेवढं बघणं माझ्याकडेच येतं.