उत्तर माझं, अक्षर दुसऱ्याचं

"मामा, लेखनिक घेतला तर पेपर माझा राहील का?"

भाची मूळची धुळ्याची, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जळगावात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' प्रकल्पामुळे दिव्यांग मुलं अशा परीक्षांना बसतात, हे या शहराला आता नवं नाही.

"उत्तर तुझं, म्हणजे पेपर तुझाच," मी म्हणालो. "तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो. तो हक्क आहे, उपकार नव्हे."

"हक्क पाठ आहेत मला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मीही आहे. पण हे अक्षर मी हाताशी भांडून कमावलंय. कुणी बघत बसलं की हात आणखी ताठरतो, पेन कागदात रुततं. तरी ती वाकडी ओळ पाहिली की वाटतं, ही मी लिहिली. ते सोडून देऊ?"

"मेंदूतली इजा वाढत नाही, शरीर मात्र लवकर थकतं. तुझी मान आत्ताच दुखते. तीन तास हाताशी भांडलीस तर विचार कधी करशील?"

"आणि लेखनिकाला माझं बोलणंच कळलं नाही तर? माझ्या कानात माझा आवाज स्वच्छ असतो. परवा फोनवर रेकॉर्ड झालेला ऐकला. ही मी? रात्रभर झोप नाही आली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गल्लीतलं 'पोरनं कसं व्हई?' जितकं टोचतं, तितकीच 'काय जिद्द आहे!' ही शाबासकीही टोचत असणार. एकदा जिद्दी ठरलेल्या माणसाला रडायची मुभा उरत नाही. मोठ्या वयातल्या या एकटेपणाबद्दल आपण फारच कमी बोलतो.

"तुझ्यासारखीच सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब यांनी एका बोटानं टाईप करून 'वन लिटल फिंगर' लिहिलं," मी म्हणालो. "म्हणून ते पुस्तक कॉम्प्युटरचं झालं का?"

"कॉम्प्युटर मध्येच वाक्य पुरं करत नाही, मामा. माणसं करतात. घरची तर हमखास."

"मग नको म्हणतेस?"

"घेणार आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं दिलेल्या लेखनिकाला दोन दिवस आधी भेटता येतं. अर्धा तास नुसती बोलत बसेन. 'कळलं नाही, पुन्हा सांगा' म्हणायला जो लाजणार नाही, तोच मला चालेल."